ओपन पॉइंट हलवा: वाहिन्यांच्या स्विचिंगमधून पैसा नेमका कुठे वाचतो

विचारणारे ग्रामीण उपविभागात नुकतेच रुजू झालेले सहायक अभियंता आहेत. त्यांच्याकडे ३३/११ केव्हीची तीन उपकेंद्रं आणि त्यांतून निघणाऱ्या बारा-चौदा वाहिन्या (फीडर) आहेत. प्रश्न थोडक्यात असा: रिमोटवर चालणारे स्विच बसवले की वीजहानी घटते आणि खर्च वाचतो, असं प्रत्येक सादरीकरणात दाखवतात. प्रत्यक्षात किती वाचतो, आणि आमच्यासारख्या ठिकाणी सुरुवात कुठून करावी?

वितरणात माझी २७ वर्षं गेली, त्यातली बरीच खांबाखाली उभं राहून. म्हणून निकाल आधी सांगतो, हिशेब नंतर. हानी कमी करायला रिमोटचा स्विच लागत नाही. ओपन पॉइंट, म्हणजे दोन वाहिन्यांमधली उघडी ठेवलेली जागा, योग्य ठिकाणी नेला की झालं, आणि त्याला दोन जनमित्र (लाइनमन), एक परमिट (लाइन बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी) आणि दुपारचा तासभर पुरतो. रिमोटच्या स्विचचे पैसे वसूल होतात ते बिघाड शोधण्यात जाणाऱ्या वेळेतून. सादरीकरणात ही दोन्ही खाती एकाच बेरजेत घालतात, म्हणून आकडा मोठा दिसतो. तुम्ही प्रस्ताव कराल तेव्हा ती वेगळी ठेवा. दोन वर्षांनी कोणी हिशेब मागितला तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

आता हानीचं खातं. दोन उपकेंद्रांतून निघालेल्या दोन वाहिन्या कुठे तरी शिवाराच्या हद्दीवर एकमेकींना भेटतात. तिथे एबी स्विच (खांबावरचा, हातानं फिरवायचा) असतो आणि तो उघडा ठेवलेला असतो. अशा जोडाला टाय म्हणतात. तो नेमका तिथेच का, असं जुन्या वायरमनला विचारून बघा. "साहेब, पहिल्यापासून तिथंच आहे," हेच उत्तर मिळेल. लाइन ओढली तेव्हा तिथे सेक्शनची हद्द होती, बाकी काही कारण नाही. मधल्या काळात एका बाजूला द्राक्षबागा वाढल्या, शीतगृहं आली, पंपांचे अश्वशक्ती दुप्पट झाले. भार सरकला आणि स्विच मात्र जागचा हलला नाही.

समजा, अ वाहिनीवर २०० अँपिअर आहेत आणि ब वर ८०. दोन्हींचा उपकेंद्रापासूनचा पहिला टप्पा ४ किलोमीटरचा, रॅबिट तारेचा. या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ०.५५ ओहम, म्हणजे टप्प्याचा २.२. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, तीन फेज म्हणून गुणिले तीन. अ वर २६४ किलोवॅट नुसते तारेत जळतात, ब वर ४२. मिळून ३०६.

आता ओपन पॉइंट अ च्या बाजूला सरकवून २० अँपिअर ब वर टाका. १८० आणि १०० झाले, हानी २८०. वाचले २६ किलोवॅट. आणखी २० टाका: १६० आणि १२०, हानी २६४, वाचले १६. आणखी २० टाका: १४० आणि १४०, हानी २५९. या वेळी वाचले फक्त ५.

हा उतार नीट बघा, सगळा विषय त्यात आहे. पहिलं पाऊल भरभरून देतं, तिसरं जवळजवळ काहीच देत नाही. शिवाय हा भार ब च्या शेपटाकडून, म्हणजे तिच्या शेवटच्या टोकाकडून, उचलायचा असतो. तिथे बहुधा वीझल तार असते, जिचा रोध किलोमीटरला ०.९३ ओहम आहे. त्या शेपटात वाढणारी हानी धरली तर तिसरं पाऊल तोट्यातही जाऊ शकतं. म्हणून मी १६०-१२० वर थांबेन.

रुपयांत सांगायचं तर, वाचलेले ४२ किलोवॅट कमाल भाराच्या वेळचे आहेत. ते ८,७६० तासांनी गुणायचे नाहीत. नवीन अभियंते ही चूक हमखास करतात. वाहिनीचा लोड फॅक्टर (सरासरी भार भागिले कमाल भार) ०.५ असेल तर हानीचा फॅक्टर (सरासरी हानी भागिले कमाल हानी) ०.३२-०.३३ च्या घरात येतो, म्हणजे वर्षाचे सुमारे २,८५० तास. ४२ गुणिले २,८५० म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार युनिट. वीजखरेदी युनिटला ५ रुपये धरली तर ६ लाख रुपये. एका टायवर, फुकटात.

याचं शास्त्र जुनं आहे. १९७५ साली मर्लिन आणि बॅक यांनी मांडलेली युक्ती आजही समजायला सर्वांत सोपी: कागदावर सगळे टाय बंद आहेत असं धरा, प्रवाहाचं गणित करा, ज्या स्विचमधून सर्वांत कमी प्रवाह जातोय तो उघडा, पुन्हा गणित करा, आणि जाळं पुन्हा झाडासारखं, म्हणजे कुठेही बंद वळसा न उरलेलं, होईपर्यंत हेच करत राहा. १९८९ मध्ये बरान आणि वू यांनी ३३ नोडचं (जोडबिंदूंचं) एक नमुना जाळं मांडलं. या विषयावर प्रबंध लिहिणारा प्रत्येक जण ते वापरतो. १२.६६ केव्ही, ३,७१५ किलोवॅट भार, ३७ लाइन, त्यातल्या ५ उघड्या. मूळ हानी २०२.७ किलोवॅट. पाचपैकी चार ओपन पॉइंट हलवले की ती १३९.५ वर येते आणि शेपटाचं व्होल्टेज ९१ टक्क्यांवरून जवळपास ९४ टक्क्यांवर जातं. हानीत ३१ टक्के घट.

हा ३१ चा आकडा प्रस्तावात लिहू नका. ते सरावासाठी बांधलेलं जाळं आहे आणि भार एकाच क्षणाचा, स्थिर धरलेला आहे. दुसरं म्हणजे ही घट फक्त ११ केव्हीच्या तारेतल्या हानीत आहे. लघुदाबाची (घरापर्यंत येणाऱ्या तारांतली) हानी, डीपीची (गावातल्या वितरण ट्रान्सफॉर्मरची) हानी, नादुरुस्त मीटर, तारेवर टाकलेले चोरीचे आकडे, यांतलं काहीही ओपन पॉइंट हलवून कमी होत नाही. तुमच्या उपविभागाची एकूण हानी २२ टक्के असेल तर स्विचिंगनं ती २१ च्या आसपास येईल, १५ होणार नाही. तरीही तो एक टक्का फुकट आहे आणि तो कोणाशी भांडून मिळवावा लागत नाही.

मग दर तासाला भार बघून स्विच आपोआप हलवत राहिलं तर? कागदावर सुंदर दिसतं. पण वरचा उतार आठवा: योग्य जागेच्या आसपास पृष्ठभाग सपाट असतो. भार थोडा इकडचा तिकडे झाला तर चुकणारी रक्कम चार-पाच किलोवॅटची असते. तेवढ्यासाठी रोज चार वेळा स्विच मारला तर स्विचचं आयुष्य जातं, आणि प्रत्येक उलथापालथीत काही तरी चुकण्याची शक्यता असते ती वेगळी. माझ्या मते वर्षातून तीन-चार वेळा पुरे. पाऊस लागला की शेतीचा भार पडतो तेव्हा एकदा, रब्बीचे पंप सुरू झाले की एकदा, आणि उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेल्यावर. आमच्याकडे ऊसपट्टा आणि द्राक्षपट्टा यांचे हंगाम वेगळे, त्यामुळे एक टाय दरवर्षी दिवाळीनंतर हलवायचो. तारीख ठरलेली नसायची, लोड सर्व्हे बघून ठरायची.

लोड सर्व्हे, म्हणजे वेळोवेळच्या भाराची नोंद, ती फीडर मीटरमधून काढलेली हवी. लॉगशीटवर विसंबू नका. रात्री एक ते पहाटे पाचचे आकडे एकाच पेनानं, एकाच हातानं, एकाच झटक्यात भरलेले असतात आणि सगळे सारखे असतात. ऑपरेटरला दोष देत नाही. एकटा माणूस, रात्रपाळी. पण त्या आकड्यावर हानीचं गणित करू नका.

आता जमिनीवरच्या गोष्टी, कारण गणितापेक्षा इथेच जास्त अडतं.

नकाशावरचा स्विच आणि खांबावरचा स्विच या दोन वेगळ्या वस्तू असतात. एका पावसाळ्याआधी मी ठरवून एका वाहिनीचे सगळे एबी स्विच चालत जाऊन पाहिले. सिंगल लाइन डायग्रामवर नऊ होते. दोन नीट चालत होते. एकाचा खालचा पाइप कोणी तरी कापून नेला होता. एकाच्या हँडलला कुलूप होतं, पण त्याच्यावर इतका गंज की किल्ली आत जाईना. बाकीच्यांपैकी तिघांना तिन्ही फेजवर ॲल्युमिनियमच्या तारेचे जंपर मारून स्विच कायमचा बायपास केलेला. विचारल्यावर कळलं, दोन पावसाळ्यांपूर्वी ब्लेड तापत होतं म्हणून मारले, मग राहून गेलं. म्हणजे खांबावर स्विच नुसता शोभेला. ही यादी हातात नसताना सॉफ्टवेअरमध्ये जाळं भरलं तर ते तुम्हाला जो स्विच उघडायला सांगेल तो उघडणारच नाही.

एबी स्विच भार तोडायला बनवलेला नाही हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. भार हलवताना उपकेंद्रातला ब्रेकर आधी पाडा, स्विच फिरवा, मग चार्ज करा (लाइन पुन्हा चालू करा). पाच-दहा मिनिटांची वीज जाईल, जाऊ द्या. घाईत भारावर उघडलेल्या स्विचच्या ठिणगीनं हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. भारावर उघडायचंच असेल तर तिथे लोड ब्रेक स्विच किंवा रिंग मेन युनिट हवं, आणि दोन पैसे खर्च करायला ही योग्य जागा आहे.

फेज जुळतात का, हे टाय पहिल्यांदा वापरण्याआधी तपासा. रस्ता रुंदीकरणात लाइन सरकवली गेली आणि ठेकेदारानं परत जोडताना दोन फेजची अदलाबदल केली, असं एकदा आमच्या वाट्याला आलं. रेडियल वापरात (एकाच उपकेंद्रावरून चालताना) कोणाला पत्ता लागला नाही, कारण पंपवाल्यांनी आपापल्या स्टार्टरवर दोन वायरी उलटवून घेतल्या होत्या. सहा महिन्यांनी आम्ही तोच भाग दुसऱ्या वाहिनीवर घेतला आणि शिवारातले सगळे पंप उलटे फिरायला लागले. मोटर चालू, आवाज येतोय, पाणी नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर किती कॉल आले ते मोजले नाहीत. याहून फसवं प्रकरण म्हणजे तिन्ही फेज एकेक घर सरकलेले असणं: मोटर सरळ फिरतात, सगळं ठीक वाटतं, आणि पुढे कधी तरी दोन वाहिन्या क्षणभर समांतर जोडल्या की थेट शॉर्ट.

चौथी गोष्ट रिले. ब वाहिनीचा ओव्हरकरंट रिले (प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ब्रेकर पाडणारं यंत्र) तिच्या जुन्या भाराला धरून लावलेला असतो. तो १५० अँपिअरवर असेल आणि तुम्ही भार १२० वर नेला तर रोज चालेल. पण वीज गेल्यानंतर परत येते तेव्हा सगळे पंप, सगळे फ्रीज एकदम ओढतात आणि ब्रेकर उभाच राहत नाही. लोक म्हणतात नवीन साहेबांनी काय केलं. भार हलवायच्या आधी टेस्टिंगच्या माणसाला बोलवा. सेटिंग वाढवताना नव्या शेपटावरचा फॉल्ट त्याला दिसेल ना, हेही त्याच्याकडून काढून घ्या.

पाचवी गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही. एका टायवर आम्ही सुमारे ४० डीपींचा भार एका वाहिनीवरून दुसरीवर नेला आणि बिलिंगच्या संगणकात त्या ग्राहकांची वाहिनी बदलायची राहिली. पुढच्या महिन्याच्या अहवालात एका वाहिनीची हानी उणे आठ टक्के, दुसरीची ४१. उणे आठबद्दल कोणी काही विचारलं नाही. ४१ बद्दल कारणे दाखवा नोटीस आली आणि भरारी पथकही आलं. खरी हानी त्या महिन्यात घटली होती! तेव्हापासून नियम केला: परमिटच्या कागदाला डीपींची यादी जोडायची, आणि ती संगणकावर चढल्याशिवाय स्विचिंग पूर्ण झालं असं धरायचं नाही.

आता दुसरं खातं, बिघाडाचं. इथे रिमोट आणि ऑटो रिक्लोजर (बिघाडात लाइन तोडून स्वतःच पुन्हा जोडून बघणारा ब्रेकर) खरंच कमावतात.

पावसाळ्यातली रात्र डोळ्यांसमोर आणा. ३० किलोमीटरची वाहिनी ट्रिप झाली. दोन माणसं, एक मोटरसायकल, चिखल. एक स्विच उघडून चार्ज करून बघ, उभी राहिली तर फॉल्ट पुढे, नाही राहिली तर अलीकडे. प्रत्येक प्रयोगात उपकेंद्राच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला एक दणका. फॉल्ट सापडतो पहाटे, आणि असतो काय, तर एक फुटलेला पिन इन्सुलेटर. दुरुस्ती वीस मिनिटांची, शोध सात तासांचा. फॉल्ट पॅसेज इंडिकेटर (बिघाडाचा प्रवाह गेला की पेटणारे दिवे) लावले तर तो दिवा बघत बघत माणूस सरळ तिथे पोहोचतो. ही वस्तू या सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

रिक्लोजरचं गणितही त्याच उताराचं आहे. भार आणि बिघाड वाहिनीवर सारखे पसरलेत असं धरा. मध्यावर एक रिक्लोजर लावला तर पलीकडच्या बिघाडानं अलीकडचे अर्धे ग्राहक वाचतात. ग्राहकांच्या अंधारातल्या तासांत २५ टक्के घट. तोच मध्य स्विच आणि शेपटाला टाय, दोन्ही रिमोटवर असतील तर अलीकडच्या बिघाडातही पलीकडचे लोक दुसऱ्या उपकेंद्रावरून चालू होतात. घट ५० टक्के. वाहिनीचे तीन तुकडे केले तर ६७, चार केले तर ७५, पाच केले तर ८०. म्हणजे मध्यावर एक आणि टायला एक, इथपर्यंत डोळे मिटून खर्च करा. तिसऱ्या-चौथ्यासाठी मात्र कारण लागतं: मध्ये एमआयडीसी आहे, रुग्णालय आहे, किंवा झाडीतून जाणारी वाहिनीची उपशाखा आहे जी दर वाऱ्याला बंद पडते. आणि मध्य म्हणजे ग्राहकांचा मध्य. किलोमीटरचा मध्य धरला तर स्विच माळरानावर जाऊन बसतो. अमेरिकेत टेनेसीमधल्या चॅटनूगा शहराच्या ईपीबी या वीज कंपनीनं असे सुमारे १,२०० स्वयंचलित स्विच बसवले. पण तिथे केंद्र सरकारचं ११.१६ कोटी डॉलरचं अनुदान होतं आणि शहरभर फायबर होती. तुमच्याकडे रिमोटचा सिग्नल मोबाइलच्या सिमवर येणार, आणि वादळात आधी टॉवर झोपतो. म्हणून रिक्लोजर असा घ्या की संपर्क तुटला तरी स्वतःच्या डोक्यानं चालेल.

एक कटू गोष्ट. शेतीच्या वाहिनीवर न विकलेल्या युनिटचा तोटा प्रस्तावात दाखवू नका. त्या दरात विकलेलं प्रत्येक युनिटच तोट्याचं असतं, आणि वित्त विभागाला ते पाठ आहे. तिथे खर्चाच्या बाजू वेगळ्या दाखवा: गस्तीचे माणूसतास, वाहनाचा खर्च, पुन्हा पुन्हा चार्ज करून जळलेले ट्रान्सफॉर्मर, नियामक आयोगाच्या मानकांप्रमाणे द्यावी लागणारी भरपाई. औद्योगिक वाहिनीवर मात्र महसुलाचं गणित बेलाशक मांडा.

कपॅसिटरचं स्विचिंग लोक विसरतात. पंपांमुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या प्रवाहातला खऱ्या कामाचा वाटा) ०.८० असेल आणि तो कपॅसिटर लावून ०.९५ वर आणला तर तारेतली हानी २९ टक्क्यांनी कमी होते. ओपन पॉइंट हलवून एवढं क्वचितच मिळतं. फक्त एक ध्यानात ठेवा: उपकेंद्राच्या बसवर (सगळ्या वाहिन्या जिथून निघतात त्या मुख्य पट्टीवर) बसवलेला कपॅसिटर वरच्या ३३ केव्हीला हलकं करतो, खालच्या ११ केव्ही वाहिनीत त्यानं एक युनिटही वाचत नाही. तो वाहिनीवर, भाराजवळ हवा, आणि शेतीची पाळी संपली की आपोआप सुटणारा हवा. नाहीतर पंप बंद असताना गावठाणात व्होल्टेज चढतं आणि बल्ब उडतात. रात्री भार कमी असताना दोनपैकी एक पॉवर ट्रान्सफॉर्मर बंद ठेवायची कल्पना मी करून पाहिली आहे. वाचतं ते पाच-सहा किलोवॅट, आणि चालू असलेला एक गेला तर तालुका अंधारात. सोडून द्या.

रोज स्विच हलवणं परवडणार नाही असं मी वर म्हणालो, त्याला एक अपवाद तयार होतोय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रकल्प तुमच्या तीनपैकी एका उपकेंद्राला जोडला गेला की दुपारी त्या बसवर वीज उतू जाते, आणि शेजारच्या उपकेंद्राचे पंप त्याच वेळी ३३ केव्हीवरून लांबून वीज ओढत असतात. दिवसा ते पंप सौरच्या उपकेंद्रावर घ्यायचे आणि संध्याकाळी परत द्यायचे, हे गणित चार-पाच किलोवॅटचं राहत नाही. अशा टायला लोड ब्रेक स्विच आणि रिमोट दोन्ही शोभतात. तुमच्याकडे असा प्रकल्प आला असेल किंवा मंजूर असेल तर प्रस्तावात पहिला नंबर त्या टायला द्या.

बाकीच्यांसाठी या महिन्यात तीन कामं करा. सगळे स्विच स्वतः चालत जाऊन बघा. प्रत्येक फीडर मीटरचा वर्षभराचा लोड सर्व्हे काढा. मग ज्या जोडीत दोन वाहिन्यांच्या भारात सर्वांत जास्त तफावत आहे तिचा टाय निवडा, फेज तपासा, रिले बघा आणि दुपारी हलवा. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता घरी जाऊ नका. ब वाहिनीच्या नव्या शेपटावरच्या शेवटच्या डीपीपाशी मीटर घेऊन उभे राहा. नियमानं ११ केव्हीत उणे ९ टक्के चालतात, म्हणजे १० केव्हीपर्यंत. लघुदाबावर व्होल्टेज उणे ६ टक्क्यांच्या खाली गेलेलं दिसलं तर ओपन पॉइंट दोन खांब मागे घ्या, कितीही युनिट वाचत असले तरी.